धावपट्टीचा शोध : डाकोटापासून ‘गगन’पर्यंत

नकाशावर कोलकाता आणि नागपूर या दोन शहरांमध्ये सरळ रेघ ओढली, तर ती छत्तीसगडच्या मैदानावरून येऊन जवळजवळ भंडारा शहराच्या डोक्यावरून जाते. जानेवारी 1949 मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा या रेघेच्या आसपासच्या आकाशाला एक नेम लागला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाट होता होता चौघं आपापल्या गावी परत पोचलेली असायची. त्या वेळचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी ही सेवा नेटाने उभी केली. एप्रिल 1949 पासून देशांतर्गत साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. ऑक्टोबर 1973 पर्यंत हा क्रम चालला.

या सेवेचं कौतुक आपण टपालखात्याची करामत म्हणून करतो आणि ते रास्तच आहे. पण या इतिहासाची दुसरी बाजू कॉकपिटमध्ये आहे. कलकत्त्याहून निघालेलं डाकोटा विमान साधारण चार तास अंधारात उडून यायचं. खाली वस्ती विरळ, जंगल दाट, वीज बहुतेक गावांत पोचलेलीच नाही. चांदण्या रात्री वैनगंगेचं पात्र दिसायचं, हावडा-नागपूर रेल्वेमार्गावरच्या गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोड या स्थानकांचे दिवे दिसायचे. ढगाळ रात्री यातलं काहीच दिसत नसे. अशा वेळी ठरलेल्या मिनिटाला नागपूरच्या धावपट्टीचा उंबरठा कसा गाठायचा? गेली पाऊणशे वर्षं विमानवाहतूक हाच प्रश्न सोडवते आहे आणि त्याचं सगळ्यात ताजं उत्तर मिळण्यात नागपूरच्या जमिनीवर बसवलेल्या अँटेनांचा वाटा आहे.

डाकोटाच्या काळातलं उत्तर होतं रेडिओ बीकन. विमानतळाजवळचं एक प्रक्षेपक यंत्र चारी दिशांना सारखाच संदेश पाठवत राहायचं. विमानातल्या रेडिओ कंपासची सुई त्याच्या दिशेला वळायची. सुई सांगेल तिकडे नाक धरायचं, बीकनच्या डोक्यावर आलं की सुई उलट फिरायची, मग ठरलेल्या दिशेला ठरलेली मिनिटं जाऊन वळायचं आणि घड्याळ व उंचीमापक पाहत खाली यायचं. सोबतीला रेडिओ ऑफिसर मोर्समध्ये जमिनीवरच्या केंद्रांशी बोलत असे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळवाचे ढग गडगडतात, तेव्हा ही सुई बीकन सोडून विजेकडे ओढली जायची, कारण वीजही त्याच लहरींवर बोलते. ज्या रात्री मदत सगळ्यात जास्त हवी, त्याच रात्री यंत्र सगळ्यात कमी भरवशाचं. तरीही ही माणसं रोज रात्री येत राहिली आणि टपाल वेळेवर पोचवत राहिली. त्यांच्या कौशल्याची नोंद आपल्याकडे फार थोड्यांनी ठेवली, याची मला खंत वाटते.

दिशा चुकली तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 7 जुलै 1962 च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-8 जेट जुन्नरजवळच्या डोंगरात सुमारे 3600 फुटांवर आदळलं. विमानातले 94 ही जण गेले. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला होता आणि सह्याद्री ओलांडायच्या आधीच त्याने उंची सोडली. नेमकं स्थान पडताळण्यासाठी जी साधनं होती ती वापरली गेली नाहीत, असं चौकशीत निघालं. इंजिनं धडधाकट होती. चूक होती ती ‘मी कुठे आहे’ या एका उत्तरात.

दिवसाउजेडीही घोटाळे झाले. मुंबईत जुहू आणि सांताक्रूझच्या धावपट्ट्या एकमेकींपासून जवळ आणि जवळजवळ समांतर. 15 जुलै 1953 रोजी बीओएसीचं कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरलं. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-8 ने तेच केलं आणि ते धावपट्टीपलीकडे गेलं. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. डोळ्यांनी दिसणारी धावपट्टी आपलीच आहे, हेसुद्धा कुठल्यातरी यंत्राने सांगावं लागतं.

दुसरं उत्तर होतं आयएलएस. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली लॉकलायझरची अँटेना मध्यरेषा दाखवते आणि अलीकडच्या टोकाजवळची ग्लाइड स्लोपची अँटेना तीन अंशांचा उतार दाखवते. कॉकपिटमधल्या दोन खुणा मधोमध ठेवल्या की विमान त्या अदृश्य उतारावरून खाली येतं. नेहमीच्या प्रकारात 200 फुटांपर्यंत येता येतं. तिथे धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर इंजिनांचा जोर वाढवून पुन्हा वर जायचं. नागपूरला आग्नेयेकडून, उमरेडच्या बाजूने, 32 क्रमांकाच्या धावपट्टीवर येणाऱ्या विमानांना ही सोय आहे. पूर्वेकडून येणारं जेट भंडाऱ्यावर साधारण दहा हजार फुटांवर असावं लागतं, कारण तीन अंशांचा उतार म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे तीनशे फूट, आणि भंडारा ते सोनेगाव हे अंतर तेहतीस-चौतीस सागरी मैलांचं.

आयएलएस हे उत्तम यंत्र आहे, पण खर्चिक. प्रत्येक धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळा संच लागतो. ग्लाइड स्लोपचा संदेश समोरच्या जमिनीवरून परावर्तित होऊन घडतो, म्हणून ती जमीन सपाट राखावी लागते, गवत वाढू देता येत नाही. ठरावीक काळाने तपासणीचं विमान येऊन उतार मोजून जातं. अहोरात्र माणसं आणि वीज लागते. दिवसाला शंभर विमानं येत असतील तर हा खर्च निघतो. दिवसाला एक-दोन येत असतील तर निघत नाही. त्यामुळे लहान विमानतळांवर वर्षानुवर्षं वैमानिकाला फक्त दिशेचं मार्गदर्शन मिळायचं, उताराचं नाही. इतक्या अंतरावर इतक्या उंचीखाली येऊ नये, एवढं नकाशावर छापलेलं असायचं आणि विमान पायऱ्या उतरल्यासारखं टप्प्याटप्प्याने खाली यायचं. जगभरात धडधाकट विमानं जमिनीला धडकली, त्यांतली कितीतरी उतरण्याच्या अशाच वाटेवर, म्हणजे अ‍ॅप्रोचवर.

आमच्या भंडारा-गोंदिया भागात अशी एक धावपट्टी आहे, तिचा इतिहास इथे सांगायलाच हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, इंग्रजांनी गोंदियाजवळ कामठा गावापाशी बिरसीला एक हवाईपट्टी बांधली. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. युद्ध संपलं, इंग्रज गेले आणि बिरसी धानाच्या बांध्यांमध्ये पडून राहिली. आधी ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, 1998 मध्ये एमआयडीसीकडे गेली आणि डिसेंबर 2005 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी उड्डाण मंत्री होते. धावपट्टी वाढली, वैमानिकांच्या प्रशिक्षणाची संस्था आली, बांध्यांवर चिखलणी करणाऱ्यांच्या डोक्यावरून दिवसभर छोटी विमानं घिरट्या घालू लागली. नियमित प्रवासी विमान मात्र यायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. मार्च 2022 मध्ये उडान योजनेखाली फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगो येऊ लागली.

बिरसीसारख्या धावपट्टीला कोटी-कोटींचे संच न बसवता अचूक उतार कसा द्यायचा, या प्रश्नाचं उत्तर शेवटी आकाशातून आलं. त्याचा उगम मात्र एका शोकांतिकेत आहे. 1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं आणि 269 माणसं मेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की अमेरिकी लष्कराची जीपीएस यंत्रणा तयार झाली की नागरी वापरासाठी जगाला खुली राहील. मे 2000 मध्ये नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूकही काढून टाकण्यात आली.

तरी विमान उतरवायला नुसतं जीपीएस पुरत नाही. कारण दोन. एक, उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून बोलतात आणि वाटेतल्या वातावरणात त्यांचा संदेश रेंगाळतो. आडव्या दिशेने काही मीटरची चूक चालून जाते, पण धावपट्टीजवळ उभ्या दिशेने तेवढीच चूक जीव घेते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एखाद्या उपग्रहाचं घड्याळ बिघडलं, तर ते विमानाला ताबडतोब कळायला हवं. चुकीचं उत्तर देणारं यंत्र बंद पडलेल्या यंत्रापेक्षा वाईट.

भारताने यावर स्वतःची यंत्रणा उभारायचं ठरवलं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण एकत्र आले. इस्रोच्या उपग्रह दिशादर्शन कार्यक्रमाची धुरा डॉ. सुरेश किबे यांच्याकडे होती. 2003 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी देशापुढे ही योजना मांडली. तिचं नाव ‘गगन’. पुढे देशात पंधरा ठिकाणी संदर्भ केंद्रं उभी राहिली : जम्मू, दिल्ली, जैसलमेर, पोरबंदर, अहमदाबाद, गोवा, बंगळूर, तिरुवनंतपुरम, पोर्ट ब्लेअर, भुवनेश्वर, कोलकाता, गया, गुवाहाटी, दिब्रुगड आणि आपलं नागपूर.

नागपूरचं केंद्र काय करतं? त्याच्या अँटेनांची जागा अगदी काटेकोर मोजलेली आहे. ते जीपीएस उपग्रहांचे संदेश ऐकतं आणि त्यांवरून आपली जागा कुठे निघते ते पाहतं. वाण्याचा तराजू तपासायला वैधमापनवाला ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे असं माप पारड्यात ठेवतो, तसंच हे. खरी जागा ठाऊक असल्यामुळे संदेशातली चूक उघडी पडते. पंधराही केंद्रांकडून ही मोजमापं बंगळूरच्या कुंदलहळ्ळी भागातल्या नियंत्रण केंद्राकडे जातात. तिथे दुरुस्त्यांचा हिशेब होतो, तो 36 हजार किलोमीटरवरच्या भारतीय भूस्थिर उपग्रहाकडे पाठवला जातो आणि उपग्रह तो जीपीएसच्याच लहरीवर सगळ्या देशावर परत सोडतो. दर सेकंदाला एक संदेश. बीकन, आयएलएस ही सगळी साधनं ज्याच्या त्याच्या विमानतळापुरती होती. हे पहिलं साधन आहे जे सोनेगावला आणि बिरसीला एकाच मापाने मोजतं.

उपग्रह मिळवणं मात्र सोपं गेलं नाही. 15 एप्रिल 2010 ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-डी3 उडालं. त्यावर जीसॅट-4 उपग्रह होता, त्यात ‘गगन’चं उपकरण होतं आणि रॉकेटच्या वरच्या टप्प्यात प्रथमच भारतीय बनावटीचं क्रायोजेनिक इंजिन होतं. ते इंजिन चाललं नाही. उपग्रह बंगालच्या उपसागरात गेला. तेरा महिन्यांनी, 21 मे 2011 ला, जीसॅट-8 फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन रॉकेटवर स्वार होऊन वर पोचला. सप्टेंबर 2012 मध्ये जीसॅट-10 आणि नोव्हेंबर 2015 मध्ये राखीव म्हणून जीसॅट-15 गेला.

याहून अवघड लढाई आकाशातल्या एका थराशी होती आणि तिथे विदर्भाचा थेट संबंध येतो. जमिनीपासून शेकडो किलोमीटरवर आयनांबर आहे, सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेला विरळ वायूचा थर. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंबाजवळून जातं. 1963 मध्ये भारताचं पहिलं अग्निबाण केंद्र तिथे उभं राहिलं ते याच कारणाने. दिवसा या विषुववृत्तावर भारित कण वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला व दक्षिणेला जाऊन साठतात. उत्तरेकडचा हा साठा मध्य भारताच्या माथ्यावर होतो. गुजरातेपासून बंगालपर्यंतचा पट्टा त्याच्याखाली किंवा त्याच्या उतारावर येतो, आणि भंडारा-नागपूरही त्याच्या कडेला आहे. जीपीएसचा संदेश या थरात अडखळतो आणि सौर डाग भरात असलेल्या वर्षांत चूक दहा-वीस मीटरच्याही पुढे जाते. सूर्यास्तानंतर थरात बुडबुडे उठतात, तेव्हा संदेश थरथरतो, कधी तुटतो.

अमेरिकेने 2003 मध्ये, जपानने 2007 मध्ये आणि युरोपने 2011 मध्ये अशा यंत्रणा सुरू केल्या, पण त्यांच्या डोक्यावरचं आयनांबर तुलनेने शांत आहे. त्यांचं गणित जसंच्या तसं उचलून इथे चालणार नव्हतं. इस्रोने देशभर मोजणी केंद्रं लावून वर्षानुवर्षं या थराची नोंद घेतली आणि एकाऐवजी अनेक थर मानून हिशेब करणारी स्वतःची पद्धत बसवली. ती 2014 च्या आसपास, म्हणजे सौर डागांच्या ऐन भरात, कसाला लागली. विषुववृत्तीय प्रदेशात प्रमाणित झालेली ही जगातली पहिली यंत्रणा. ‘गगन’च्या कहाणीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे काम. उपग्रह विकत घेता येतो, रॉकेट भाड्याने मिळतं, पण आपल्या माथ्यावरचं आकाश आपल्यालाच समजून घ्यावं लागतं.

या दुरुस्त्या विमानाला कळवण्यासाठी आयनांबरावर पाच-पाच अंशांची एक काल्पनिक जाळी कल्पिली आहे. सुमारे 350 किलोमीटर उंचीवर तिचे बिंदू आहेत आणि प्रत्येक बिंदूवर संदेशाला किती उशीर होतोय, हे ‘गगन’ सांगत राहतं. त्यातला एक बिंदू 20 अंश उत्तर आणि 80 अंश पूर्व या ठिकाणी येतो. तो जवळजवळ गडचिरोली शहराच्या डोक्यावर आहे. नागपूर किंवा बिरसीला उतरणाऱ्या विमानाचा रिसीव्हर गडचिरोलीवरचा हा आकडा आणि त्याच्या शेजारच्या बिंदूंचे आकडे घेऊन आपली दुरुस्ती काढतो.

आकाशाचा हिशेब जुळला, तरी जमिनीचा हिशेब जुळवावा लागतो आणि तिथे आपण थेट 1823 मध्ये जातो. भारताच्या महासर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन त्या वर्षी जानेवारीत नागपूरकडे येताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये पृथ्वीचा आकार मांडला आणि दीडशेहून अधिक वर्षं भारताचे नकाशे त्या आकारावर उभे राहिले. नागपूरचा शून्य मैलाचा दगड याच सर्वेक्षणाची खूण आहे. एव्हरेस्टचा लंबगोल भारतापुरता चोख बसवला होता, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून सुमारे आठशे मीटर बाजूला पडतो. जीपीएस पृथ्वीच्या मध्यावरून मोजतं. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच रिसीव्हरला दिले, तर विमान धावपट्टीच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त अंतराने बाजूला जाईल. म्हणून 1 जानेवारी 1998 पासून जगभरच्या विमानवाहतुकीने डब्ल्यूजीएस-84 ही एकच मोजणी स्वीकारली आणि धावपट्ट्यांची टोकं, आजूबाजूचे मनोरे, टेकड्या, पाण्याच्या टाक्या सगळं नव्याने मोजावं लागलं.

उंचीचं तर आणखी वेगळं. आपण उंची समुद्रसपाटीपासून सांगतो, उपग्रह ती गणिती लंबगोलापासून सांगतो. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाने ठरणारी समुद्राची पातळी जगात सगळ्यात खोल आहे. तिथे ती लंबगोलापेक्षा शंभरावर मीटर खाली गेलेली आहे. त्याचा परिणाम विदर्भापर्यंत पोचतो आणि इथेही हा फरक पन्नास मीटरहून जास्त आहे. धावपट्टीच्या उंबरठ्याची उंची लंबगोलावरून मोजून विमानाच्या माहितीकोशात भरली नाही, तर आखलेला सगळा उतार तेवढ्याने खाली किंवा वर सरकेल. लॅम्बटनच्या माणसांनी खांद्यावर थिओडोलाइट वाहत जे काम केलं, तेच काम प्रत्येक धावपट्टीवर आता पुन्हा करावं लागतं, फक्त मोजमाप सेंटिमीटरचं झालं आहे.

30 डिसेंबर 2013 रोजी नागरी उड्डाण महासंचालनालयाने ‘गगन’ला मार्गावरच्या दिशादर्शनासाठी प्रमाणपत्र दिलं. 21 एप्रिल 2015 रोजी उभ्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी दिलं आणि त्या जुलैत मंत्री अशोक गजपती राजू यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली. आता ती वापरून उतरताना कॉकपिटमध्ये काय होतं ते पाहू.

वैमानिक संगणकातून धावपट्टीचा अ‍ॅप्रोच निवडतो. रिसीव्हर आधी त्या अ‍ॅप्रोचच्या माहितीची बेरीज तपासतो. एक आकडा जरी बदललेला असला तरी तो अ‍ॅप्रोच स्वीकारत नाही. मग तो सतत स्वतःलाच एक प्रश्न विचारत राहतो : माझी जास्तीत जास्त चूक किती असू शकते? आडवी 40 मीटर आणि उभी 50 मीटर या मर्यादेत उत्तर बसत असेल, तरच उभ्या मार्गदर्शनासह उतरता येईल असं सांगणारी एलपीव्ही ही अक्षरं पडद्यावर दिसतात. ही प्रत्यक्ष चूक नव्हे, प्रत्यक्ष चूक बहुतेक वेळा काही मीटरच असते. ही आहे तिची हमी. एखादा उपग्रह बिघडला तर इशारा दहा सेकंदांच्या आत यायलाच हवा. अक्षरं दिसली की पुढचं सगळं आयएलएससारखंच. त्याच दोन खुणा, तोच तीन अंशांचा उतार, जवळ येत जावं तशी बारीक होत जाणारी वाट. 120 नॉट वेगाने येणारं एटीआर विमान मिनिटाला सुमारे 640 फूट खाली येतं. 250 फुटांवर निर्णय घ्यायचा. दिवे दिसले तर चाकं टेकवायची, नाहीतर पुन्हा वर जायचं. खाली धावपट्टीच्या कडेला ना लॉकलायझर, ना ग्लाइड स्लोप.

गर्दीच्या विमानतळालाही याचा उपयोग आहे. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या उताराने विमानं आली तर कंट्रोलरला त्यांच्यातलं अंतर नेमकं राखता येतं आणि आयएलएस दुरुस्तीसाठी बंद असला तरी कामकाज थांबत नाही. ज्या टोकाला आयएलएस नाही, त्या टोकालाही उतार मिळतो, आणि वारा फिरला की याचं मोल कळतं. तरी माझ्या मते ‘गगन’चा खरा धनी लहान विमानतळ आहे. नागपूरला पर्याय मिळतो, बिरसीसारख्या ठिकाणी मात्र जे कधीच परवडलं नसतं ते मिळतं. भंडारा-गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावरून उठणारं धुकं बांध्यांवर पसरतं, पावसाळ्यात ढग अगदी खाली उतरतात. 250 फुटांपर्यंत खाली येता येणं आणि पाच-सहाशे फुटांवरच थांबावं लागणं, यातला फरक म्हणजे विमान उतरणं किंवा प्रवाशांसह परत जाणं.

मग हे देशभर झालं का? इथे इतिहास संथ होतो. 2016 च्या नागरी विमानवाहतूक धोरणात म्हटलं होतं की 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या विमानांत ‘गगन’चा रिसीव्हर असावा. ती तारीख पुढे गेली आणि 1 जुलै 2021 नंतर नोंदणी होणाऱ्या विमानांसाठी हा नियम झाला. अडचण खरी होती. आपल्या कंपन्यांकडची बहुसंख्य विमानं ए-320 आणि बोइंग 737 जातीची. त्यांत हा रिसीव्हर कारखान्यातून आलेला नव्हता आणि उडत्या ताफ्यात नंतर बसवणं महाग होतं. वैमानिकांचं प्रशिक्षण, प्रत्येक धावपट्टीची मोजणी, अ‍ॅप्रोचची आखणी, चाचणी उड्डाणं या प्रत्येकाला वेळ लागला. प्रवासी कंपनीच्या विमानाने ‘गगन’च्या आधारे पहिल्यांदा उतरून दाखवलं ते एप्रिल 2022 मध्ये, राजस्थानात अजमेरजवळच्या किशनगढला. प्रमाणपत्र मिळून सात वर्षं झाली होती. ते इंडिगोचं एटीआर-72 होतं आणि उड्डाण महासंचालनालयाचे अधिकारी त्यात बसले होते. जून 2023 मध्ये महाराष्ट्रात जुहू ते पुणे असं हेलिकॉप्टर याच यंत्रणेच्या आधारे नेऊन दाखवण्यात आलं. जुन्नरचा डोंगर ज्या सह्याद्रीत आहे, त्याच सह्याद्रीवरून ही वाट आखलेली होती.

उपग्रहांवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हेही गेल्या काही वर्षांत दिसलं. अमृतसर, जम्मू या सीमेलगतच्या भागांत जीपीएसच्या संदेशात ढवळाढवळ झाल्याच्या शेकडो तक्रारी वैमानिकांनी नोंदवल्या. म्हणून जमिनीवरची जुनी साधनं पूर्ण काढून टाकायची नाहीत, ठरावीक विमानतळांवर ती राखायची, हे धोरण योग्य आहे. नागपूरचा आयएलएस राहायलाच हवा. पण ही सावधगिरी लहान विमानतळांना उतारापासून वंचित ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

किशनगढला उतरलं ते एटीआर-72, आणि गोंदियाला येऊ लागलेली इंडिगोची विमानंही याच जातीची. ‘गगन’चा संदेश बिरसीच्या धावपट्टीवर आज या घडीलाही पडतो आहे, त्यासाठी तिथे एकही मनोरा बांधावा लागलेला नाही. भंडारा-गोंदियातले लोकप्रतिनिधी, व्यापारी संघटना आणि वाचकहो, नव्या विमानसेवेची मागणी घेऊन तुम्ही दिल्लीला किंवा मुंबईला जाल, तेव्हा तिकिटाच्या दराबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : आमच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उभ्या मार्गदर्शनासह उपग्रहाधारित अ‍ॅप्रोच प्रसिद्ध झाला आहे का, आणि येणाऱ्या विमानात तो वापरण्याचा रिसीव्हर आहे का? लेखी उत्तर मागा.